दार तासायचं की चौकट उचलायची?

कोकणातल्या जुन्या चिऱ्याच्या घरात आम्ही शेणाची जमीन काढून काँक्रीटचा कोबा केला. जमीन 4 इंच वर आली आणि बाहेरची दोन्ही दारं अडली. पैसे आणि वेळ दोन्ही बेताचे, म्हणून पुढच्या दाराची चौकट उचलली आणि मागचं दार नुसतं खालून तासलं. तेव्हापासून दोन पावसाळे गेले.

तासणं हे अर्ध्या दिवसाचं काम. सुताराने फळी उतरवली, पावणेदोन इंच कापली, परत बिजागरीवर चढवली. कापलेल्या कडेला प्रायमर मात्र त्याच दिवशी लावून घ्या. उघडं लाकूड तिथूनच पाणी पितं. दाराची उंची कमी होते, ती सवयीने चालते. (माझ्या कपाळाला सवय व्हायला महिना लागला.)

चौकट उचलणं हा खरा उपद्व्याप. वर चिरा फोडावा लागतो, भिंतीला टेकू द्यावे लागतात. आमच्याकडे चौकटीवर लाकडी फळ्या होत्या, त्या काढून सिमेंटचा लिंटेल टाकला, दोन्ही बाजूंना 9-9 इंच चिऱ्यावर टेकवून. टेकू दोन आठवडे हलवले नाहीत. तेवढे दिवस ओटीवरून ये-जा बंद, आणि खर्च तासण्याच्या कितीतरी पट. भिंत मातीची असेल तर जाणत्या गवंड्याला दाखवल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

मग फरक कुठे पडला? उंबरठ्यात. जुना उंबरठा जमिनीपासून 3 इंच वर होता. 4 इंच कोबा पडल्यावर मागच्या दारी तो गाडलाच गेला. आई त्यावरून दोन दिवस नीट बोलली नाही, आणि मला ते तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं. जुलैत कळलं. दाराची खालची कड पूर्वी उंबरठ्याच्या खाचेला टेकून बसायची; आता तिला टेकायलाच काही उरलं नाही. लाकूड पावसात फुगतं म्हणून खाली फट ठेवावीच लागते, आणि नैऋत्येची झड नेमकी तिथूनच आत येते. ब्रशची पट्टी लावून पाहिली. वारा थोडा अडला, पाणी नाही. रबराची पट्टी कोब्यावर घासून एका मोसमात फाटली. शेवटी रोज रात्री गोणपाट दुमडून लावायचं आणि सकाळी पिळायचं. त्याखाली गोम निघते ती वेगळीच.

पुढच्या दारी उंबरठा चौकटीबरोबरच वर आला. त्याला बाहेरच्या बाजूने किंचित उतार दिला, खाचेत चारही बाजूंनी रबर बसवलं. दार मिटलं की ते दाबलं जातं, घासत नाही. चौकटीचे पाय काँक्रीटात गाडले नाहीत, डांबर लावून वर ठेवले, कारण ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच चढतात. चौकट आणि चिरा यांच्यातल्या फटी फोमने भरल्या. तो थोडाथोडाच मारावा, फुगून चौकट वाकवतो.

तुमचं दार खोल पडवीत असेल, झड पोचत नसेल, तर तासून भागेलही. आमच्या मागच्या दाराला पडवी नाही. येत्या मार्चात तीही चौकट उचलायची म्हणून गवंड्याला सांगून ठेवलंय. आईने हळद-कुंकू आधीच काढून ठेवलं आहे.