ऑक्सबो पूफ : चिंचिलाच्या अंघोळीची भुकटी

चिंचिलाला पाण्याने अंघोळ घालायची नसते. हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या कोरड्या, थंड उतारांवरचा, उंदराच्या कुळीतला लहान प्राणी. त्याच्या एकेका केसमुळातून साठेक केस निघतात. इतक्या दाट लवेत पाणी शिरलं तर ते लवकर सुकत नाही आणि आत राहिलेल्या ओलीत बुरशी वाढते. म्हणून अंघोळ धुळीची, म्हणजे बारीक भुकटीत लोळण्याची. चुकून भिजलाच तर टॉवेलने टिपून घ्या आणि ड्रायरच्या थंड हवेवर पूर्ण कोरडा करा. गरम हवा अजिबात नको.

ऑक्सबो या अमेरिकन कंपनीची ‘पूफ’ ही भुकटी अडीच पौंडांच्या, म्हणजे साधारण १.१३ किलोच्या बरणीत मिळते. आम्ही ती चांगल्यांत धरतो, आणि त्याचं कारण एकच : ती खरोखर बारीक आहे. चिंचिलाच्या कातडीतून सुटणारं तेल केसांच्या मुळाशी साचतं. तिथवर पोहोचून ते शोषायचं तर कण केसांच्या गर्दीतून आत सरकायला हवा. दुकानात शेजारच्याच फळीवर ‘बाथ सँड’ नावाची वाळू असते, आणि फसगत तिथेच होते. वाळूचा जाड कण वरच्यावर राहतो, केसाला घासतो आणि तेल जिथल्या तिथे ठेवतो. पारख सोपी आहे. चिमूटभर बोटांत चोळा : रांगोळीसारखं खरखरीत लागलं तर वाळू, बोटांच्या रेषांत बसून गुळगुळीत लागलं तर भुकटी. पूफ या परीक्षेत सहज उतरते. टाल्कम पावडर, कॉर्नफ्लोअर, मुलांच्या खेळातली वाळू किंवा सुगंधी काही, यांतलं एकही पर्याय म्हणून वापरू नका.

भांडं जड काचेचं किंवा चिनी मातीचं घ्या, आत प्राण्याला पूर्ण लोळता येईल एवढं मोठं. प्लास्टिक तो कुरतडतो, आणि गिळलेले तुकडे आतड्यात अडकू शकतात. तळाशी दोन-तीन सेंटिमीटर थर पुरतो; जास्त ओतलं तर फक्त खोलीत उडतं. वेळ संध्याकाळची, कारण तेव्हाच तो जागा आणि उत्साहात असतो. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं, आणि मग भांडं बाहेर. हे ‘बाहेर’ फार जण विसरतात. भांडं पिंजऱ्यात राहिलं की तो त्यातच मुततो, शिवाय दिवसभर लोळून कातडी कोरडी पाडून घेतो आणि डोळे लाल करून बसतो. डोळे लाल किंवा चिकट दिसले तर धूळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. अंगावर जखम असताना आणि मादी व्यायल्यावर पहिला आठवडाभरही धूळ नको.

वापरलेली भुकटी लगेच फेकायची गरज नसते. बारीक चाळणीतून (ही पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, हे उघड आहे) लेंड्या आणि केस काढा, थोडी नवी भर घाला. गुठळ्या दिसल्या, ओलसर वास आला किंवा कण जड होऊन पूर्वीसारखे उडेनासे झाले की सगळी टाका. एकाला गजकर्णाची शंका असेल तर त्याची धूळ दुसऱ्याला कधीच देऊ नका. संसर्ग भुकटीतून पसरतो.

परिणाम पाहायचा तर कुशीवरच्या केसांवर हळूच फुंकर मारा. केस सुटे होऊन फाकले आणि खाली स्वच्छ कातडी दिसली तर सगळं ठीक. पुंजके तसेच राहिले तर आधी हवेतली आर्द्रता मोजा, भुकटीला नंतर दोष द्या. आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उत्तम भुकटीही हवेतलीच ओल पिऊन बसते. अमेरिकेत न्यू जर्सीच्या दमट जुलैत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, लागतो. मुंबई-कोकणात तर वर्षातले बरेच महिने एसीशिवाय हा प्राणी ठेवूच नये, कारण पंचवीस अंश सेल्सिअसच्या पुढचं तापमानच त्याला धोक्याचं.

भुकटीकडून नको त्या अपेक्षाही ठेवल्या जातात. घाबरलेला चिंचिला पकडताना केसांचा झुपका सोडून निसटतो. ती जागा भरायला कित्येक आठवडे लागतात, धुळीने ती लवकर भरत नाही. तो स्वतःचे केस कुरतडत असेल तर ताण, चारा आणि दात तपासा. हनुवटी सतत ओली असेल तर बहुधा दातांचंच दुखणं असतं. नराच्या लिंगाभोवती केसांचं कडं अडकतं, तेही धूळ काढत नाही; महिन्यातून एकदा पाहावंच लागतं.

खोट म्हणाल तर धूळ प्रचंड उडते. घरात कुणाला दमा असेल तर अंघोळ वेगळ्या खोलीत आणि संगणकापासून लांब. बाथरूम सोयीचं वाटतं खरं, पण कुणाची गरम पाण्याची अंघोळ नुकतीच झाली असेल तर तिथल्या वाफेत भुकटी वाया जाते. दुसरी खोट बरणीच्या आकाराची : एका चिंचिलासाठी ती ठीक, दोन-तीन असतील तर पटकन संपते. तेव्हा ‘ब्लू क्लाउड’ नावाने मिळणारी तशीच बारीक भुकटी मोठ्या पिशवीत घेणं परवडतं. पिशवी उघडली की घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ओता, आणि त्या डब्यात ओला चमचा घालू नका.