एनक्यू वायरलाइन सेट : अंडरग्राउंडसाठी घ्याच
खाणीत आत कोर ड्रिलिंग (खडकातून कोर, म्हणजे दंडगोल नमुना काढणं) करणाऱ्यांसाठी सांगतो, हा एनक्यू साइझचा, तारेने कोर बाहेर ओढायचा सेट घेतला ते एकदम बरोबर केलं. आधी साध्या कोर बॅरलवर (रॉडच्या टोकाची कोर धरणारी नळी) काम केलंय, प्रत्येक रनला सगळे रॉड बाहेर काढा, खोला, परत जोडा, अर्धी शिफ्ट त्यातच जायची. आता रॉड भोकातच राहतात, तारेला लावलेला ओव्हरशॉट (पकड) सोडायचा, कोर असलेली आतली नळी पकडून बाहेर ओढायची आणि 47.6 मिमीचा कोर हातात, ओला, क्वार्ट्झची शीर इतकी स्वच्छ दिसते की बघूनच बरं वाटतं. छताकडे जाणाऱ्या भोकात मात्र ओव्हरशॉट पाण्याच्या प्रेशरने ढकलावा लागतो, सील खराब असेल तर डोकं फिरतं.

लेशो या शोधकाचं हिऱ्याचं ड्रिल 1860 च्या दशकातलं, खाणकामात वायरलाइन आली 1958 ला, म्हणजे जवळपास शंभर वर्षं लोकांनी रॉड उपसण्यात काढली!

तक्रार एकच, सप्लायरने कडक खडकासाठी कडक मॅट्रिक्सचा (हिरे धरून ठेवणारा धातू) बिट, म्हणजे कापायचं टोक, दिला. पाहिजे उलटं, मॅट्रिक्स मऊ असला की तो झिजतो आणि नवे हिरे वर येतात. आमचा बिट गुळगुळीत होऊन नुसता फिरत बसला. बदलून घेतला, आता मस्त कापतोय.