छोट्या ट्रॅक्टरला टर्बो: उन्हाळा, पावसाळा आणि संत्र्याचा एक हंगाम काढल्यानंतर

वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. बागेतल्या कामाला तीन सिलिंडरचा, साधारण एक लिटर इंजिनाचा, कागदावर २१ एचपीचा छोटा ट्रॅक्टर आहे. फोर व्हील ड्राइव्ह, डिझेलचा साधा मेकॅनिकल पंप, टर्बो (सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नव्हता. तो फेब्रुवारीत बसवून घेतला. आता दिवाळी होऊन गेली, आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड चालू आहे आणि टर्बोवर तीनशेच्या वर तास झाले आहेत. आजूबाजूचे कास्तकार येऊन बॉनेट उघडून बघतात, विचारतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो.

ट्रॅक्टर तसा कामाचा. वखर, पेरणी, क्रेटची छोटी ट्रॉली, कशालाच नाही म्हणायचा नाही. दम सुटायचा तो दोन कामांत, चार फुटी रोटाव्हेटर आणि फवारणीचा ब्लोअर. रोटाव्हेटरला एक गिअर खाली घेतला की वेळ जास्त लागतो, पण काम होतं. ब्लोअरचं तसं नाही. पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टला, मिनिटाला ५४० फेरे मिळाले तरच पंखा पूर्ण हवा फेकतो, आणि पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या हिशोबाने बदलते. हातातल्या टॅकोमीटरने मोजलं तेव्हा टाकी भरलेली, पंखा चालू, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण, आणि पीटीओ ४८० वर. ४८० म्हणजे ५४० च्या फक्त अकरा टक्के कमी वाटतं, पण पंख्याला पोचणारी ताकद तीस टक्क्यांनी पडलेली असते. याचा अर्थ बागेत काय होतो ते संत्रावाल्याला सांगायला नको. काळ्या माशीची पिल्लं पानाच्या खालच्या बाजूला चिकटून असतात. हवेच्या झोताने पान उलटलंच नाही तर औषध वरच्या बाजूला बसतं, माशी खाली सुखरूप राहते आणि पुढे पानाफळांवर कोळशी, म्हणजे काळी बुरशी, चढते. औषधाचा खर्च तोच, मजुरी तीच, आणि झाडाचा शेंडा कोरडा.

मोठा ट्रॅक्टर का नाही घेतला, हे सगळे विचारतात. आमची लागवड ६ बाय ६ मीटरची, झाडं बारा वर्षांच्या पुढची. दोन ओळींत फांद्या एकमेकींना भिडायला आल्या आहेत. पस्तीस-चाळीस एचपीचा ट्रॅक्टर आत घातला की फळं झडतात, फांद्या फाटतात. शिवाय आमची जमीन भारी काळी. ओल असताना जड चाक फिरलं की मुळाशी माती दबते, पाणी मुरत नाही, आणि पाणी साचलेल्या झाडाला डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) आधी धरतो. हलका आणि अरुंद ट्रॅक्टर ही आमची गरजच आहे, तेव्हा आहे त्याच्यातच ताकद वाढवायची होती.

पहिलं काम केलं ते गेलेली ताकद परत आणायचं, आणि माझं ठाम मत आहे की टर्बोचा विचार करायच्या आधी प्रत्येकाने हे करावं. एअर फिल्टर बाहेरून झटकून चालवलेला होता, आतली जाळी मातीने लिंपलेली. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे तिन्ही नोझल काढून टेस्टिंगला नेले. आमच्यासारख्या प्री-चेंबरच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं अशा) इंजिनात नोझल १४० किलो दाबाच्या आसपास उघडायला हवा. एक त्याच्या बऱ्याच आधी उघडत होता आणि फवारा मारायच्या ऐवजी थेंब टाकत होता. नोझल बदलले, टॅपेट सेट केले, रेडिएटरच्या जाळीतलं गवताचं बी साफ केलं. खर्च फार नाही, आणि पीटीओ ४८० वरून ५०० ला आला. वीस फेरे ऐकायला थोडे वाटतात, पण वरच्याच घनाच्या हिशोबाने ती बारा-तेरा टक्के ताकद आहे. अनेकांचं समाधान इथेच होईल.

यापुढे काय, तर इथे बहुतेक मिस्त्री एकच उपाय सांगतात. मलाही सांगितला. "भाऊ, पंप वाढवून देतो नं, दोन घंट्याचं काम हाय." पंपावर सील केलेला डिझेलचा स्क्रू असतो, तो फिरवला की सिलिंडरमध्ये डिझेल जास्त जातं. पहिल्या दिवशी ट्रॅक्टर खरंच चपळ वाटतो. पण ताकदीला आधी हवा लागते, डिझेल नंतर. एक लिटरचं चार स्ट्रोक इंजिन २६०० फेऱ्यांना मिनिटाला १३०० लिटर हवा ओढू शकतं, प्रत्यक्षात अकराशेच्या आसपास भरते. तिचं वजन साधारण १.३ किलो. एक किलो डिझेलला पुस्तकी हिशोबाने साडेचौदा किलो हवा पुरते, पण सिलिंडरमध्ये मिसळायला वेळच इतका कमी असतो की अठरा-वीस किलो नसेल तर धूर काळा पडतो. म्हणजे मिनिटाला ६५ ग्रॅमच्या आसपास डिझेल स्वच्छ जळणार, आणि त्यातून वीसेक एचपी निघणार. कंपनीने २१ लिहिलं आहे ते उगाच नाही. त्याच्यावर स्क्रू फिरवून जे डिझेल जातं ते थोडी ताकद, पुष्कळ धूर आणि सगळ्यात जास्त उष्णता देतं. आमच्या नात्यातल्या एकाने असाच पंप वाढवून घेतला होता. पुढच्या उन्हाळ्यात नांगरटीत एक पिस्टन वरून वितळून चिकटला. डोक्यावर खड्डा पडलेला तो पिस्टन मी हातात घेऊन बघितला आहे.

आपल्याकडच्या उन्हाचाही यात मोठा भाग आहे. तापलेली हवा विरळ होते. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा त्याच जागेत सहा टक्क्यांनी कमी भरते. मे महिन्यात, मृग बहारासाठी बागेचं पाणी तोडून ताण दिलेला असताना जमीन दगडासारखी झालेली असते आणि नेमकं तेव्हाच इंजिनाला हवा सगळ्यात कमी मिळते. मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रीय चाचणी संस्थेचे ट्रॅक्टरचे अहवाल मिळाले तर जरूर बघा. साध्या तापमानातली पीटीओ ताकद आणि भर उष्णतेतली ताकद त्यात वेगवेगळी दिलेली असते. विदर्भातल्या माणसाने दुसरा आकडा बघून ट्रॅक्टर निवडावा.

म्हणून टर्बो. हा काही हट्टाचा प्रयोग नाही. कुबोटाचं डी ११०५ हे १.१ लिटरचं इंजिन कारखान्यातून साधं येतं तेव्हा २५ एचपीच्या आसपास असतं आणि टर्बोवालं ३३ च्या आसपास. तेवढं मी मागितलंच नाही, कारण मुळात टर्बोसाठी बनवलेल्या इंजिनात पिस्टन, थंडावा, गॅस्केट यांचा आधीपासून विचार केलेला असतो. माझ्या इंजिनात तो नव्हता. ठरवलं की दाब ०.४ किलोच्या वर जाऊ द्यायचा नाही.

टर्बो १.३ लिटरच्या डिझेल कारचा, जुना पण नवीन कोअर टाकलेला. कारचा टर्बो ट्रॅक्टरला कसा जमेल, असं वाटतं, पण हिशोब नीट जुळतो. ते इंजिन २००० फेऱ्यांना जेवढी हवा ओढतं तेवढीच माझं इंजिन २६०० ला ओढतं. मॅनिफोल्डला (सिलिंडरमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळीला) जाड प्लेटचा फ्लँज वेल्ड केला, तेल ऑइल प्रेशर स्विचच्या जागेवरून टी लावून घेतलं. टर्बोने तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मुद्दाम टाळला. बागेत पालापाचोळा इतका उडतो की रेडिएटरच्या पुढे आणखी एक जाळी म्हणजे दर दोन तासांनी थांबणं. त्यामुळे ०.४ किलो दाबाची चाळीस टक्के हवा मिळत नाही, दाबताना ती तापते आणि खरी वाढ वीस टक्क्यांच्या आसपास राहते. मला तेवढीच हवी होती. डिझेल पंपवाल्याकडे बेंचवर मोजून पंधरा टक्केच वाढवलं. हवा वाढीपेक्षा डिझेल कमी वाढवलं तर धूरही कमी आणि ताप आटोक्यात.

बसवल्यावर आठवडाभरात सायलेन्सरमधून निळा धूर आणि टर्बोच्या तोंडाशी तेल. टर्बो गेला, परत करा, असं सगळे म्हणाले. टर्बो ठणठणीत होता. गॅरेजवाल्याने तेल परतीची नळी लांब ठेवून चेसिसच्या कडेने आडवी आणली होती, आणि मधे ती खाली झोळ देऊन परत वर चढत होती. टर्बोतलं तेल दाबाने परत जात नाही, नुसतं उतारावर वाहतं. वाट अडली की ते सीलमधून बाहेर पडतं. बोटभर जाडीची, सरळ खाली उतरणारी छोटी नळी केली, ती इंजिनाच्या तेलाच्या चेंबरमध्ये पातळीच्या वर सोडली, आणि त्या दिवसापासून थेंब नाही. कुणी बसवून घेत असेल तर सगळ्यात आधी ही नळी डोळ्यांनी बघा.

दुसरी गोष्ट पायरोमीटर, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुराचं तापमान दाखवणारा मीटर. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये भोक पाडून सेन्सर टाकला आहे, काटा स्टिअरिंगसमोर. माझी हद्द ६५० अंश. ब्लोअरवर काटा ५२० ते ५५० मधे राहतो. मे महिन्यात धुऱ्याजवळच्या टणक पट्ट्यात रोटाव्हेटर लागला की बघता बघता सहाशेच्या पुढे जातो, मग गिअर खाली. पाण्याचा काटा तोवर जागेवरच असतो, त्याला कळायला फार उशीर होतो. टर्बो बसवायचा आणि पायरोमीटरला पैसे नाहीत म्हणायचं, हे कृपा करून करू नका.

आता फरक. ब्लोअर भरलेल्या टाकीसह ५२५ वर चालतो. पावसाळ्यातल्या फवारण्यांना मी झाडाच्या आत शिरून पानं उलटी करून बघितली, शेंड्याजवळच्या पानांच्या खालच्या बाजूलाही थेंब होते. यंदा कोळशी बागेच्या कडेच्या काही झाडांवर आहे, आत जवळपास नाही. पाऊस, शेजारच्या बागा, औषधाची वेळ यांचाही त्यात वाटा असतो, सगळं श्रेय इंजिनाला देणार नाही. रोटाव्हेटर पहिल्या लो मधे चालायचा तो वापसा (मातीत बेताची ओल) असताना दुसऱ्या लो मधे आरामात चालतो. मे महिन्याच्या कोरड्यात मात्र पहिलाच गिअर, फक्त इंजिन दबत नाही. डिझेल तासाला पाव ते अर्धा लिटर जास्त लागतं, पण काम लवकर उरकतं म्हणून एकरी खर्च थोडा कमीच पडला आहे. रस्त्यावर ट्रॉलीला फरक कमी जाणवतो, कारण कमी फेऱ्यांना टर्बो दाब देत नाही. एका लयीत चालणाऱ्या पीटीओच्या कामांनाच याचा खरा फायदा.

ओढण्याची ताकद वाढेल अशी आशा ठेवू नका. ओल्या काळ्या मातीत हा ट्रॅक्टर आधीही इंजिनामुळे थांबत नव्हता, चाक घसरून थांबायचा. तिथे वजन आणि टायर लागतात. मागच्या टायरमध्ये पाणी भरलं त्याने जे झालं ते टर्बोने झालं नसतं.

देखभाल वाढली आहे. इंजिन तेल २५० तासांऐवजी १५० ला बदलतो, सीआय-४ दर्जाचं १५ डब्ल्यू ४०. फिल्टर मोठा कागदी टाकला, आणि फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या नळीचे क्लँप दर आठवड्याला तपासतो. तिथून धूळ गेली तर टर्बोची पाती झिजायला एक हंगाम पुरे. हेडचे बोल्ट सुरुवातीच्या दहा तासांनंतर पुन्हा टॉर्कने कसले. आमच्या सालदाराला एकच सांगितलं आहे, काम संपलं की दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करायचा. लगेच बंद केला तर तापलेल्या टर्बोतलं तेल जळून बेअरिंगवर कोळसा बसतो. तो हे माझ्यापेक्षा नेमाने पाळतो.

नोझल, टर्बो, वेल्डिंग, पंप, मीटर, सगळं धरून पंचेचाळीस हजारांच्या आसपास गेले. वॉरंटीतल्या ट्रॅक्टरला हे करू नये, वॉरंटी जाते. नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे बंधनं आहेत, म्हणून मी काम सुरू करायच्या आधी परिवहन कार्यालयात अर्ज दिला आणि विमावाल्यांनाही लेखी कळवलं. इंजिन तेल पीत असेल, कॉम्प्रेशन कमी असेल, तर टर्बोच्या वाटेला जाऊच नका, आधी इंजिनाचं काम करून घ्या. सिंगल सिलिंडरच्या पंधरा एचपीवाल्यांनीही नाद सोडावा. त्याचा हवेचा प्रवाह इतका धक्क्याधक्क्याने येतो की टर्बो नीट फिरत नाही.

माझ्याकडे आता नाजूक जागा उरली आहे ती क्लचची. पेडलचा प्ले (मोकळी हालचाल) पूर्वीपेक्षा लवकर कमी होतो आणि या हंगामात मधेच सेट करावा लागला. येत्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर मधून सोडवायचा आहेच, तेव्हा क्लचप्लेटबरोबर जास्त दाबाची प्रेशर प्लेट टाकणार आहे. टर्बोचा दाब ०.४ वरच राहील.