गॅलेट की रॅकलेट? बॅस्टिल डेच्या जत्रेत आधी कुठली रांग धरावी

न्यूयॉर्कमध्ये १४ जुलैच्या आगेमागे येणाऱ्या रविवारी बॅस्टिल डे, म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय दिन, भर रस्त्यात साजरा होतो. फ्रेंच इन्स्टिट्यूट अलायन्स फ्रान्सेजची ही जत्रा बरीच वर्षं पूर्व ६० व्या रस्त्यावर भरायची, अलीकडे ती मॅडिसन ॲव्हेन्यूवर आली. न्यू जर्सीकडून मुलाबाळांना आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांना घेऊन जायचं असेल, तर तिथे काय खायचं ते घरूनच ठरवून निघालेलं बरं. क्रोसाँ आणि माकारों या शहरात वर्षभर मिळतात. अशा जत्रेत डोळ्यांदेखत बनणाऱ्या आणि रांग लावण्याजोग्या गोष्टी माझ्या मते दोन: रॅकलेट, म्हणजे बटाट्यांवर ओढलेलं वितळलेलं चीज, आणि गॅलेट, म्हणजे सारण भरलेलं घावन. दोन्ही पोटभरीच्या आहेत, त्यामुळे भूक कशावर खर्च करायची हे ठरवावंच लागतं.

चवीचं आधी सांगतो. पहिल्या घासाला रॅकलेट सरस आहे. चीजच्या अर्ध्या चाकाची कापलेली बाजू आचेखाली धरतात, वरचा थर बुडबुडे येऊन जागोजागी तांबूस झाला की सुरीने तो उकडलेल्या बटाट्यांवर ओढतात. सोबत बारक्या आंबट काकड्या आणि व्हिनेगरमधले छोटे कांदे. स्वित्झर्लंडचा वाले प्रांत आणि फ्रान्सचा सावोआ, म्हणजे आल्प्सच्या थंडीतलं हे खाणं. जुलैच्या उन्हातही त्याचा वास गर्दी खेचतो, आणि ते साहजिक आहे.

तरीही मी आता त्या रांगेत उभा राहत नाही. चीजचा एक थर खरवडला की पुढचा वितळेपर्यंत थांबावंच लागतं, तिथे कुणाचीच घाई चालत नाही. त्यामुळे ताटल्या एकेक करून हातात येतात. आणि रॅकलेट तर वाट न पाहता खायची गोष्ट. दोन-चार मिनिटांत चीज घट्ट व्हायला लागतं, तेल बाजूला सुटतं, बटाटा एकीकडे आणि रबरासारखी साय एकीकडे. आम्ही चौघं गेलो की पहिली ताटली मुलाला, दुसरी आईला, आणि शेवटची माझ्या हातात येईपर्यंत मुलगा खाऊन मोकळा होऊन फुगेवाल्याकडे निघालेला. थांबावं तर त्याचं गार होतं, थांबू नये तर जो तो आपापलं उभ्याने उरकतो. शिवाय एका हातात ताटली आणि दुसऱ्यात काटा, मग मुलाचा हात धरायचा कशाने? सणाच्या दिवशी एवढ्या लांब येऊन एकत्र चार घास होऊ नयेत, ही गोष्ट मला फार लागते. चव कितीही उत्तम असली तरी माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

गॅलेटचं तंत्र उलटं आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं हे खाणं म्हणजे कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाचं मोठं, जाळीदार घावनच. मूळ पिठात कुट्टू, पाणी आणि मीठ एवढंच असतं, काही जण अंडं किंवा थोडा गहू घालतात. सपाट गोल तव्यावर पीठ ओतून लाकडी दांडीने गरगर फिरवत पसरतात. कडा सुटल्या की लोणी आणि सारण घालून चारी बाजूंनी घडी. कुट्टू हे खरं तर गवतवर्गातलं धान्य नाही, ते आपल्या आंबट चुक्याच्या कुळातलं. त्याची किंचित कडवट, खमंग चव काहींना पहिल्यांदा रुचत नाही, हे मान्य. पण एक गॅलेट कागदावर घ्या, चौघांत तोडा, ते संपेपर्यंत दुसरं तव्यावरून उतरतं. गार झालं तरी कडा खाण्यालायक राहतात आणि चालता चालता खाता येतं.

शाकाहारी घरांनी दोन्हीकडे विचारून घ्यावं. ‘कॉम्प्लेत’ नावाच्या गॅलेटमध्ये हॅम, चीज आणि अंडं असतं. हॅमशिवाय, मश्रूम किंवा पालक घालून सहसा करून देतात, पण तवा तोच असतो. रॅकलेटच्या ताटलीतही मांसाचे काप येऊ शकतात. आणि पारंपरिक रॅकलेट चीजचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेट नावाच्या द्रव्याने फाडतात. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी प्रश्न आपोआप सुटला. गॅलेटमधलं चीजही विचारूनच घ्या, किंवा नुसतं लोणी आणि मश्रूम सांगा. अंडंही खात नसाल तर पिठाचीही चौकशी करा.

एकटे किंवा दोघंच जाणार असाल, काटा धरायला हात मोकळा असेल आणि थंडीत आल्प्सला जायचा योग नसेल, तर रॅकलेट जरूर खा. तुम्हाला कदाचित माझं मत पटणारही नाही. पण घरच्यांबरोबर असाल तर मी म्हणेन, दुपारच्या आत गॅलेटची रांग धरा, आधी एक चीज-मश्रूमचं मागवा, ते आवडलं तर दुसरं. शेवटी त्याच गाडीवर गव्हाच्या पिठाचा गोड क्रेप घ्या, चॉकलेटचा नको, लिंबू-साखरेचा.