'द सँडमॅन': आधी मालिका की आधी कॉमिक?

वाघबीळला आमच्या शेजारी राहणाऱ्या कॉलेजातल्या मुलीने विचारलं, "काका, 'द सँडमॅन' आधी नेटफ्लिक्सवर बघू की कॉमिक घेऊ?" मूळ कॉमिकचे पहिले दोन खंड मी वाचलेले होतेच, आता पहिल्या सीझनचे सहा भाग पाहून झालेत. तिला सांगितलं तेच इथे सांगतो: कॉमिक्सची सवय नसेल तर मालिकेपासून सुरुवात कर, फक्त पाचव्या भागाआधी थांब.

गोष्ट थोडक्यात अशी. 1916 मध्ये इंग्लंडमधला एक मांत्रिक मृत्यूला कैद करायला निघतो आणि जाळ्यात सापडतो मृत्यूचा धाकटा भाऊ, स्वप्नांचा राजा. सुटल्यावर त्याला आपली वाळूची पिशवी, शिरस्त्राण आणि माणिक परत मिळवायचं असतं.

नील गेमनचं कॉमिक 1989 मध्ये सुरू झालं आणि 75 अंकांनी 1996 मध्ये संपलं. त्याचे सुरुवातीचे अंक नव्या वाचकाला जड जातात. सॅम कीथची चित्रं भयकथेच्या वळणाची आहेत आणि मध्येच डीसी कॉमिक्सच्या जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या संघाची मंडळी डोकावतात. डीसीचं विश्व ठाऊक नसलेल्याला हे कोण, कुठून आले, काही कळत नाही. मालिकेने हे सगळं छाटलं, फार बरं केलं. कॉमिकमध्ये थेट अर्कमच्या वेड्यांच्या इस्पितळात भेटणारा जॉन डी, ज्याच्या हाती पुढे राजाचं माणिक लागतं, इथे आधी आईसमोर बसलेला दिसतो. डेव्हिड थ्यूलिसने तो असा उभा केलाय की भीतीच्या आधी कीव येते.

मग कॉमिक कशासाठी वाचायचं? एक तर आवाजासाठी. इतर पात्रं पांढऱ्या फुग्यांत बोलतात. स्वप्नराजाचे फुगे काळे, कडा वितळल्यासारख्या आणि आत पांढरी अक्षरं. टॉड क्लाइनच्या हातची ती अक्षरं वाचताना डोक्यात जो आवाज घुमतो, तो मालिकेत राजा झालेल्या टॉम स्टरिजच्या खर्जातल्या कुजबुजीलाही पुरता गाठता आलेला नाही. त्याचं काम चांगलंच आहे, पण तरीही.

दुसरं कारण सहावा अंक, म्हणजे मालिकेचा पाचवा भाग. एका छोट्या हॉटेलात अडकलेली माणसं, माणिक हाती आलेला डी आणि चोवीस तास. कॉमिकमध्ये तासातासाने मथळे पडत जातात आणि पुढचं पान उलटायला हात धजत नाही. मालिकेने क्रौर्य कमी करून 'खोटं नसलेलं जग' ही डीची कल्पना पुढे आणली. विचार पटतो, पण पोटात तो गोळा येत नाही. म्हणून हे प्रकरण आधी वाचाच.

शिरस्त्राणासाठी नरकात होणाऱ्या द्वंद्वात मात्र माझं मत मालिकेला. कॉमिकमध्ये राजाशी झुंजतो कोरॉनझॉन नावाचा दैत्य. इथे नरकावर राज्य करणारी ग्वेंडोलिन क्रिस्टीची ल्युसिफर स्वतः उतरते आणि हरण्याचा अपमान थेट तिच्या वाट्याला येतो. वैर पक्कं होतं.

आणि सहावा भाग! मरण नाकारणारा हॉब 1389 पासून दर शंभर वर्षांनी राजाला त्याच गुत्त्यात भेटतो. कॉमिकमध्ये राजा सत्तरएक वर्षांनी सुटतो, त्यामुळे 1989 ची भेट वेळेवर होते. मालिकेत कैद शंभर वर्षांवर ताणली आहे, म्हणून त्या दिवशी हॉब एकटाच वाट पाहत बसतो. एका कालगणनेच्या बदलाने मैत्रीची सगळी ओढ बाहेर आली. राजाची थोरली बहीण, कर्बी हॉवेल-बॅप्टिस्टची मृत्यूही याच भागात भेटते, शांत, मायाळू, कामाला निघालेली. हा भाग आवडला नाही तर पुढे जाऊ नका, खुशाल सोडा.

व्यवहाराचं सांगायचं तर दोन्ही लहान मुलांसाठी नाहीत. मालिकेत अंधारातली दृश्यं भरपूर, भर दुपारी पडदे उघडे ठेवून काही दिसत नाही. कॉमिक फोनवर वाचत ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहायचा बेत असेल तर तो सोडा. चौकटी दोन-दोन पानांवर पसरतात आणि मोठं करून पाहण्यात लय जाते. छापील प्रतच हवी. ती घेताना पहिला खंड 'प्रील्यूड्स अँड नॉक्टर्न्स' आणि दुसरा 'द डॉल्स हाउस' एकत्र घ्या, कारण मृत्यूची भेट पहिल्यात आहे आणि हॉब दुसऱ्यात.