पंचवटीतून आणलेली गुडघ्याची पुडी

माझ्या सासूबाईंचे गुडघे सहा वर्षांपासून दुखतात. त्यांचं वय ७१, आणि आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी झीज सांगितली आहे, व्यायाम सांगितला आहे, वजन उतरवायला सांगितलं आहे. गोळ्यांनी पित्त होतं म्हणून त्या घ्यायला आई कुरकुर करतात. (मी त्यांना आईच म्हणते.)

आमच्या घरात औषधाच्या डब्याआधी फडताळातले डबे उघडतात. आई पेठ तालुक्यातल्या. थंडीत नागलीची (नाचणीची) भाकरी, मेथीचे आणि डिंकाचे लाडू, घसा धरला की ज्येष्ठमधाची कांडी, पोट फुगलं की ओवा नि काळं मीठ. बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो, तिथे खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांशी गप्पा मारत नागली-वरई घेणं हा आईंचा ठरलेला कार्यक्रम. या सगळ्यावर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे. हे मुद्दाम आधी सांगते, कारण आम्हाला फसवणाऱ्यांनी नेमका हाच विश्वास पकडला.

गेल्या वर्षी श्रावणात काळारामाचं दर्शन घेऊन आम्ही दोघी बाहेर पडलो. आई कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. खाली एक जोडपं उभं होतं, चाळिशीतलं, नीटनेटकं, बाईच्या हातात पूजेची पिशवी. बाई पुढे आली, आईंना हात दिला आणि म्हणाली, "मावशी, गुडघे का? माझ्या सासूचं अस्संच होतं हो. बसली की उठवायला दोघं लागायची." मग नवऱ्याने सांगितलं की त्याच्या आईने ब्रह्मगिरीची वाट चढून दाखवली. कुठलं औषध, असं आम्हीच विचारलं. त्यांनी विकायचं नावही काढलं नव्हतं. त्याने खिशातून कागद काढून पाच-सहा नावं लिहून दिली: सुंठ, रास्ना, अश्वगंधा, गुग्गुळ, मेथी आणि शेवटी एक भस्म, ज्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. "कुठेही मिळेल ताई. फक्त हे शेवटचं अस्सल पाहिजे. इथे मागच्या गल्लीत एक जुनं दुकान आहे, हवं तर दाखवतो."

त्या यादीतली पाच नावं आमच्या ओळखीची होती. सुंठ आणि मेथी तर घरातलीच. त्या पाचांच्या आधाराने सहावं नाव आमच्या गळी उतरलं.

दुकानात बरण्या, मुळ्या, साली, भिंतीवर धन्वंतरीची तसबीर. म्हाताऱ्या माणसाने सगळं समोर काढून दाखवलं, आईंना सुंठ हातात देऊन वास घ्यायला लावला. भस्माचा भाव विचारला तर म्हणाला, "साडेचारशे." मी हो म्हटलं. त्याने वजन केलं, सगळं एकत्र मिक्सरमधून फिरवलं, पुड्या बांधल्या आणि हिशेब सांगितला: १४,७०० रुपये. साडेचारशे हा भाव तोळ्याचा होता, म्हणजे दहा ग्रॅमचा, आणि भस्म तीस तोळे घातलं होतं. मी वाद घातला. तो शांतपणे म्हणाला, आता एकत्र झालं, वेगळं कसं करू? ते जोडपं तोवर निघून गेलं होतं. आई गर्दीत ओशाळल्या, "देऊन टाक गं" म्हणाल्या, आणि मी दिले. पावती म्हणून कोऱ्या चिठ्ठीवर आकडा. दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही.

इथवरची गोष्ट नाशकात, पुण्यात, मुंबईत अनेकांनी ऐकली असेल. पैसे गेले, शहाणपण आलं, एवढ्यावर ती सहसा संपते. आमच्याकडे खरं नुकसान त्यानंतर झालं.

चूर्ण लागू पडलं! चौथ्या दिवशी आई कठडा न धरता जिना चढल्या. माझा राग विरघळला. दोन आठवड्यांत त्यांना भूक लागायला लागली, रात्री उठून काहीतरी खायच्या. चेहरा भरला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वहिनींची तब्येत काय छान झालीय!" चूर्ण संपत आल्यावर मीच त्या दुकानात परत गेले, या वेळी नुसत्या तयार पुड्या घेतल्या. पुढे ऑक्टोबरमध्ये आणखी एकदा.

दुकानदाराने तीन गोष्टी बजावल्या होत्या. जेवणानंतरच घ्यायचं. एकही दिवस खाडा करायचा नाही. डॉक्टरांना सांगायचं नाही, "ते बंद करायला लावतात, त्यांना आपल्या औषधाची किंमत नाही." तेव्हा मला हे जुन्या वैद्याच्या शिस्तीसारखं वाटलं. आज मला यातलं दुसरं वाक्य सगळ्यात भयंकर वाटतं. खाडा झाला तर काय होतं, ते त्याला माहीत होतं असं मी मानते.

नोव्हेंबरमध्ये सोसायटीत तपासणी शिबिर होतं. आईंची साखर २६८ निघाली. त्याआधी कधीच वाढलेली नव्हती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी साखरेची गोळी सुरू केली आणि विचारलं, "आणखी काही औषध चालू आहे का?" आम्ही दोघींनी एकदम नाही म्हटलं. त्यात खोटं बोलण्याचा भाव नव्हता. चूर्ण हे आमच्या लेखी औषधच नव्हतं. लाडू खातो तसं ते घेत होतो. हातांवर निळे डाग पडत होते, तेही वयाने असतील म्हणून सोडून दिले.

डिसेंबरात पुड्या संपल्या. दुकान बंद, शेजारचे म्हणाले गावी गेलेत. आम्ही थांबलो. पाचव्या दिवशी आईंना ओकाऱ्या सुरू झाल्या, अंगात त्राण नाही, सहाव्या दिवशी सकाळी त्या बाथरूममध्ये कोसळल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा वरचा रक्तदाब ८०, साखर उतरलेली, रक्तातलं सोडियम कमी. तिथल्या डॉक्टरांनी आईंचा गोल चेहरा आणि हातांवरचे डाग बघितले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "गुडघ्यासाठी कुठली पुडी घेताय?"

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत असं. आपल्या मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसॉल नावाचं स्टेरॉइड बनवतात. रक्तदाब आणि साखर सांभाळायला, आजारपण झेलायला ते लागतं. बाहेरून गोळीच्या रूपाने स्टेरॉइड आठवडेच्या आठवडे येत राहिलं की त्या ग्रंथी काम थांबवतात. सूज आणि दुखणं झटक्यात कमी होतं, भूक वाढते, चेहरा फुगतो, साखर चढते, कातडी पातळ होते. बाहेरचं एकदम बंद झालं तर आतलं लगेच सुरू होत नाही. मग माणूस असा कोसळतो, आणि वेळेत कळलं नाही तर जीव जातो. सांधेदुखीच्या आणि दम्याच्या चूर्णांमध्ये डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारख्या स्वस्त गोळ्या कुटून घातल्याचं पूर्वीपासून सापडत आलं आहे.

आईंची सकाळची कॉर्टिसॉल तपासणी अगदी तळाला होती. चूर्णात काय होतं याचा कागद माझ्याकडे नाही, कारण शेवटची पुडी आम्ही चाटूनपुसून संपवली होती आणि रिकामे कागद फेकले होते. पण कुठलंही स्टेरॉइड लिहून दिलेलं नसताना त्यांच्या ग्रंथी बंद पडल्या होत्या, याचा कागद आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे मी तक्रार दिली, पण नमुना नाही, लेबल नाही, दुकानाच्या नावाची पावती नाही. त्यामुळे मी सांगते ते एवढंच उरतं.

नंतर ज्या वैद्यबाईंकडे आईंना दाखवलं, त्या आयुर्वेदात एम.डी. आहेत. हे ऐकून त्या माझ्याहून जास्त संतापल्या. त्यांच्याकडून कळलं की आयुर्वेदिक औषधाच्या डबीवर घटकद्रव्यांची यादी, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारखा असणं कायद्याने बंधनकारक आहे. मधुमेह, कर्करोग, संधिवात बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि त्यात तोंडी पुकारलेली जाहिरातही येते. त्यांनी आणखी एक सांगितलं, जे मला फार पटलं. सुंठ, मेथी, हळद अंगाला मानवते ती हळूहळू. जे चौथ्या दिवशी जिना चढवतं, त्याच्याकडे आनंदाने नाही, संशयाने बघायचं. साधी ओळखीची वस्तूसुद्धा डॉक्टरांपासून लपवायची नाही: ज्येष्ठमध रोज जास्त घेतलं तर रक्तदाब चढू शकतो, आणि साखरेची गोळी चालू असताना मेथी भरपूर खाल्ली तर साखर जास्त उतरू शकते.

म्हणून आता आमच्याकडे सगळं अख्खं येतं. अख्खी सुंठ, अख्खी हळकुंडं, मेथीदाणा. जे बघून, वास घेऊन ओळखता येतं ते घ्यायचं आणि घरी खलबत्त्यात कुटायचं. कुटलेली, बिनलेबलची पुडी कितीही प्रेमाने कोणी दिली तरी नाही.

आणि हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी आत्ता अशी पुडी चालू असेल, आणि गुडघे अचानक छान झाले असतील, तर कृपा करून ती आज रागाने फेकू नका आणि एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, किती महिने चालू आहे ते खरं सांगा, सकाळची कॉर्टिसॉल तपासणी करायची का ते विचारा. थोडी पुडी कागदासकट जपून ठेवा, तक्रारीला तीच लागेल. पैशांची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर करता येते.

आईंच्या ग्रंथी पुन्हा कामाला लागेपर्यंत डॉक्टरांनी स्टेरॉइडची गोळी मोजून चालू ठेवली आहे, ती ते दर काही आठवड्यांनी थोडी थोडी उतरवत आहेत. साखरेची गोळी जूनमध्ये बंद झाली. गुडघे दुखतात, पहिल्यासारखेच. फिजिओथेरपीवाल्या ताई आठवड्यातून दोनदा येतात, बुधवारी जमलं तर आम्ही दोघी रिक्षाने गोदाघाटावर जाऊन नागली आणतो. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.