एडिनबर्गच्या संग्रहालयातील डॉली

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे, आणि तेथील काचपेटीत जतन केलेली, १९९६ साली रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये एका सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतील पेशीपासून जन्मलेली डॉली ही क्लोन मेंढी, म्हणजे त्या मेंढीची जनुकीय प्रत, इतक्या जवळून पाहता येते की माझा पाय तिथून लवकर निघाला नाही. मात्र एक हिशेब मनात ठेवूनच तिच्यासमोर उभे राहावे: २७७ बीजांडांपैकी २९ भ्रूण वाढले, ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयांत सोडले गेले आणि जन्मली एकटी डॉली. त्या मेंढ्यांच्या जागी स्त्रिया असतील, तर फसलेल्या प्रत्येक गर्भाचे उत्तर कोण देणार? ब्रिटनने २००१ मध्ये मानवी प्रजननासाठीच्या क्लोनिंगवर कायद्याने बंदी घातली, ती मला योग्य वाटते. शाळकरी मुलांना अवश्य न्यावे.